उमेदवार आणि अपराधी

सोयरीक ठरवितांना घराण्याची चौकशी करण्याची रीत जुनी आहे. आमच्या बार्शीटाकळीसारख्या गांवीं "मुलीच्या आईला स्तनाचा कर्करोग होता" एवढ्या वाक्यावर स्थळ मोडूं शकतें. दोष रक्तांतच आहे, असा निवाडा देणारास आपल्या पाठीशीं शास्त्र आहे असें वाटतें. तें खरोखर आहे काय?

शास्त्रानें हा प्रश्न उंदरांवर पडताळला. भावाबहिणींचें मीलन वीस पिढ्या चालविलें म्हणजे असा वाण तयार होतो कीं, त्यांतील उंदीर बीजगुणांत जवळजवळ एकसारखे असतात. कपाशीचे शुद्ध वाण जाणणाऱ्या वऱ्हाडी वाचकास हें नवें वाटूं नये. मुंबईस १९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. कमल रणदिवे यांनीं अशा वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आतां संगणक असे पुष्कळ वाण शेजारीं मांडून, रोगट वाणांत आढळणारा व निरोगी वाणांत नसणारा बीजांश हुडकतो. त्या अंशांतील जनुकांस शास्त्रज्ञ 'उमेदवार' म्हणतात. शब्द प्रामाणिक आहे. उमेदवार म्हणजे निवडून आलेला सभासद नव्हे. एका अंशांत कित्येकदां शेंकडों जनुकें असतात. त्यांतील कर्तें कोणतें व नुसतें शेजारी कोणतें, हें पुढील प्रयोगानेंच ठरतें.

हा संयम किती आवश्यक आहे, तें १९३६ सालीं अमेरिकेंत दिसलें. जॉन बिटनर यांनीं कर्करोगप्रवण वाणाचीं पिल्लें जन्मतांच, हा रोग क्वचित् होणाऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर पाजलीं. रोगाचें प्रमाण पुष्कळच उतरलें. रक्तांतला वाटणारा दोष बऱ्याच अंशीं दुधांतून येत होता, आणि पुढें तो एक विषाणु ठरला. (यावरून मानवी मातेच्या दुधास दोष देतां येत नाहीं, हें येथेंच सांगणें इष्ट.) जेथें वाण शुद्ध व नोंदी चोख, तेथें ही गत; मग जेथें वंशावळ म्हणजे चार वृद्धांची आठवण, तेथें निवाड्याची घाई कशास?

आनुवंशिकता मिथ्या आहे, असें माझें म्हणणें नाहीं. बीआरसीए-१ हें जनुक १९९४ सालीं सांपडलें. त्यांतील दोष वारशानें आलेल्या स्त्रीस धोका खरोखरच मोठा असतो. परंतु असा दोष असलेल्या आईकडून तो मुलीकडे येण्याचा संभव निम्मा, आणि आला तरी रोग अटळ नव्हे. शिवाय तो बापाकडूनहि येतो. मुलाच्या घराण्याची तशी चौकशी कोण करतो?

कुळांतील रोग लपवूं नये. डॉक्टरांस सांगावा, म्हणजे तपासणी वेळेवर होते. पण तीच माहिती मुलीच्या कपाळीं शिक्का म्हणून मारणारानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, शास्त्र उंदराच्या जनुकालाहि इतक्या लवकर अपराधी ठरवीत नाहीं.