फूटभर पिशवीतली शिदोरी

ओरेगॉनला राहणाऱ्या भाचीने परवा एक फोटो पाठवला. ओल्या वाळूवर पडलेली काळपट, चामड्यासारखी चौकोनी पिशवी आणि तिच्या चारही कोपऱ्यांना आखूड शिंगं. मापाचा अंदाज यावा म्हणून तिने शेजारी आपली चप्पल ठेवली होती. पिशवी चपलेपेक्षा लांब! खाली एवढंच लिहिलेलं, ‘मावशी, हे काय असेल गं? एका बाजूने फाटलंय.’

ती बिग स्केट नावाच्या माशाच्या अंड्याची पिशवी. तिकडच्या किनाऱ्यांवर हिला जलपरीचा बटवा म्हणतात. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या बाजारात पाकट मासे दिसतात, त्यांच्याच चपट्या गोतावळ्यातला हा मासा. पण पाकटाच्या शेपटीवर विषारी काटा असतो आणि त्याची पिल्लं आईच्या पोटातच वाढून बाहेर येतात. स्केटला तसा काटा नसतो, आणि ती अंडी घालते.

बेरिंग समुद्रापासून खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, प्रशांत महासागराच्या पूर्व कडेने ही स्केट राहते. उत्तर अमेरिकेच्या समुद्रातली ही सर्वांत मोठी स्केट, लांबी 2 मीटरच्याही पुढे जाते. अंगाचा आकार पतंगासारखा, पाठ तपकिरी-राखाडी आणि तिच्यावर पांढुरके ठिपके शिंपडलेले. दोन्ही पंखांवर एकेक मोठा गडद डाग, त्याभोवती फिकट कडं. वरून पाहिलं की वाळूतून दोन टपोरे डोळे आपल्याकडे रोखून बघताहेत असंच वाटावं. 1855 साली शास्त्रज्ञांनी तिचं नाव ठेवलं तेही या डागांवरूनच, ‘बायनॉक्युलाटा’, म्हणजे दोन डोळ्यांची. खरे डोळे पुढे डोक्यावर, त्या मानाने लहान. दिवसाचा बराच वेळ ती वाळूत अर्धी पुरून पडलेली असते. खेकडे, कोळंबी, तळाचे लहान मासे हे तिचं खाणं.

माझं मन मात्र त्या पिशवीतच अडकलं.

आई ती पिशवी समुद्रतळावर ठेवते आणि निघून जाते. राखण करत नाही, परत फिरून बघत नाही. पण जाण्याआधी प्रत्येक पिल्लाची शिदोरी बांधून ठेवते. शिदोरी म्हणजे अंड्यातला पिवळा बलक. आत महिनोन्‌महिने काढायचे ते त्याच्यावर. बहुतेक स्केटच्या पिशवीत एकच पिल्लू असतं. हिच्या पिशवीत साधारण तीन-चार, कधी सातसुद्धा. एका अंधाऱ्या खोलीत इतकी भावंडं, पण ज्याची शिदोरी त्याच्याजवळ.

सुरुवातीला पिशवी पूर्ण बंद असते. पिल्लं थोडी वाढली की शिंगांजवळच्या बारीक फटी मोकळ्या होतात. मग पिल्लू आपली दोऱ्यासारखी शेपटी हलवत राहतं. त्या हलण्याने आतलं शिळं पाणी बाहेर जातं, ताजं आत येतं. श्वास घ्यायचा तर शेपटी हलायलाच हवी. आणि पाणी हललं की बाहेरच्या शिकाऱ्याला आतल्या जिवाचा सुगावा लागू शकतो.

अटलांटिकमधल्या क्लिअरनोज नावाच्या स्केटच्या न जन्मलेल्या पिल्लांवर अमेरिकेत प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. मोठा मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या अंगाभोवती अगदी क्षीण विद्युतलहरी उठतात. तशा लहरी पाण्यात सोडल्या, तर पिशवीतलं पिल्लू शेपटी जागच्या जागी थांबवतं. ज्याने अजून समुद्र पाहिलेला नाही, ज्याला कुणी काही शिकवलेलं नाही, ते दबा धरून गप्प राहतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून होते. आई बलकाखेरीज काहीच न देता गेली, असं मी मनाशी धरून चालले होते. तिने बलकाबरोबर हेही दिलं होतं.

तरी सगळी पिल्लं वाचत नाहीत. समुद्री गोगलगाय पिशवीच्या भिंतीला बारीक भोक पाडून आतला जीव खाऊन टाकते. शिंपल्यावर दिसतं तसंच स्वच्छ गोल भोक. जाळ्यांनी तळ खरवडला जातो तेव्हा मोठ्या स्केटही वर येतात. त्या वयात येतात सावकाश, त्यामुळे गेलेल्यांची जागा भरायला वर्षं लागतात.

भाचीला मी पहिल्यांदा हेच विचारलं, की पिशवीला कुठे गोल भोक आहे का? तिने उचलून, उलटीपालटी करून पाहिली. भोक नव्हतं. फक्त दोन शिंगांमधली कड सरळ रेषेत उघडलेली होती, उसवलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी. मी लिहिलं, ‘ते फाटलेलं नाही गं. तिथूनच पिल्लं बाहेर पडली.’

तिचं उत्तर लगेच आलं, ‘किती असतील?’