चिकटणाऱ्यांची बाजू

आमच्या भिंगारची खोड अशी की इथून कुठे जावंसंच वाटत नाही. निदान बँकेला मी तरी दरवेळी असंच भासवत आलो. ऑफिसरच्या बढतीचं सर्क्युलर आलं की मी 'नको' असा अर्ज देतो. कारण बढती म्हणजे बदली. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, माझं काउंटर तेच राहिलं. लोक म्हणतात, "हा खुर्चीला चिकटलाय." हा शब्द मला फार लागतो.

परवा मेव्हण्याबरोबर भंडारदऱ्याकडे गेलो. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे सहलीतही प्रॅक्टिकल! ओढ्याचं पाणी खडकांवरून धावत होतं. त्यानं एका धोंड्याखालून बोटाएवढा मिशाळ मासा काढला. म्हणाला, "हा ग्लिप्टोथोरॅक्स. म्हणजे कोरीव छातीचा." खरंच, छातीवर धोतराच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या होत्या. त्यांनी तो दगड धरतो आणि पाणी डोक्यावरून जाऊ देतो. याच कुळातला दख्खनचा 'लोनाह' कर्नल साइक्सनं १८३९ साली नोंदवला. साइक्स हा मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करणारा, म्हणजे आमच्याच पेशाचा. पण तो चढत गेला आणि १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन झाला. मासा ओढ्यातच राहिला.

मला एकदम बळ आलं. म्हटलं, "बघा, चिकटणं हा पराक्रम आहे! वाहत काय, पालापाचोळाही जातो."

"दाजी, तो वाहत्या पाण्यात चिकटतो," मेव्हणा म्हणाला. "डबक्यात चिकटून काय करायचं?"

त्यानं मासा सोडला. तो जुन्या धोंड्याशी थांबलाही नाही. सुळकन वरच्या अंगाच्या दगडावर जाऊन बसला.

येताना एसटीत मी गप्प होतो. अर्जात मी कारण लिहायचो, 'आईचं आजारपण'. ते खरं होतं, अकरा वर्षं खरं होतं. तेव्हा पाणी अंगावर होतं आणि मी आईला धरलं होतं, खुर्चीला नव्हे. पण आई जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या दोन अर्जांत 'घरगुती' एवढंच लिहून भागवलं. आता मी काय धरून बसलोय? चारचा चहा? की नव्या गावात आपल्याला कुणी ओळखणार नाही ही धास्ती? निष्ठा आणि भीती एकाच खात्यात, एकाच शाईनं लिहिल्या गेल्या, तर ताळेबंद जुळवायचा कसा? बी.कॉम.ला हे नव्हतं.

बायकोला विचारलं. म्हणाली, "मला काय विचारता? मी तुम्हाला चिकटलेय."

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. अर्ज खणात आहे, कोरा. पेनातली शाई मात्र दोनदा तपासून झाली.