कमी गर्दीची वाट

पेरू देशातील माचू पिचू हे 15व्या शतकातील इंका लोकांचे भग्न नगर. तिकडे जाणाऱ्या प्रसिद्ध इंका वाटेवर दिवसाला 500 जणांनाच प्रवेश मिळतो. त्यांत निम्म्याहून अधिक हमाल व वाटाडेच. म्हणून कित्येकजण लारेसच्या डोंगरांतून चालतात व शेवटी आगगाडी धरतात. गर्दी नाही, इंका वाटेचा परवाना नको.

पण वाचकहो, ती वाट ओसाड नव्हे. तेथे केचुआ भाषा बोलणारी माणसे बटाटे पिकवितात, अल्पाका पाळतात, लोकर विणतात. आपण शोधतो ती शांतता त्यांच्या अंगणातली आहे. प्रसिद्ध वाटेवर नियम आपल्याला आवरतो. येथे कोण आवरणार? गर्दी टाळली एवढ्यानेच आपण विचारी ठरलो, असे मला तरी वाटत नाही. मुलाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याच्या आईला विचारले काय? बटाटे तिच्याकडून घेतले, की तेही खेचरावर लादून आणले?