त्रिज्या न दिलेला शंकू

दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात शंकू भेटतो तो त्रिज्या आणि उंची सोबत घेऊनच. मुलांनी आकडे सूत्रात घालायचे, घनफळ लिहायचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे. पण खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीची त्रिज्या मोजणार कशी? तिचा मध्य धान्याखाली गाडलेला असतो. या अडचणीवर भास्कराचार्यांनी दिलेला तोडगा आजच्या पाठ्यपुस्तकात यायला हवा, असे मला ठामपणे वाटते. प्राचीन वैभवाचा मुद्दा बाजूला ठेवू; मोजणे म्हणजे काय हे त्यातून कळते, एवढे कारण पुरे आहे.

1150 सालच्या ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे छोटे प्रकरण आहे. त्यात प्रत्यक्ष मोजायचा तो फक्त परीघ. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले की घनफळ आले. उंचीसाठीही राशीवर चढायला नको: जाड धान्याची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसळ असलेल्या धान्याची नवव्या भागाइतकी धरायची. हेच भाग ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये दिले होते. ओतलेले धान्य ठरावीक उतारावरच थांबते आणि तो उतार दाण्यांच्या आपसातल्या घर्षणावर ठरतो, हे निरीक्षण या तीन अपूर्णांकांत साठवलेले आहे. त्यांचे कोन काढले तर अनुक्रमे 32, 30 आणि 35 अंशांच्या आसपास येतात. कुसळे एकमेकांत अडकतात, म्हणून त्या धान्याची रास अधिक उभट. भिंतीला टेकलेली रास असेल तर दिसणारा परीघ दुप्पट करायचा, खोलीच्या कोपऱ्यातली असेल तर चौपट. पूर्ण राशीचे घनफळ काढायचे आणि मग त्याचा निम्मा किंवा पाव हिस्सा घ्यायचा.

या रीतीत पायची किंमत सरळ 3 धरली आहे. त्याच ग्रंथात भास्कराचार्य 3927/1250 ही सूक्ष्म किंमत देतात, तेव्हा हे अज्ञान नव्हे. जाड धान्याच्या राशीचा परीघ 60 हात असेल तर या रीतीने 600 घनहात येतात. पायची खरी किंमत घेतली तर 573. सुमारे पावणेपाच टक्के जास्त. मात्र उंचीही परिघावरूनच काढलेली असल्यामुळे घनफळ परिघाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 60 हातांत एका हाताची चूक झाली, की उत्तर पाच टक्क्यांनी सरकते. धान्य जाड की बारीक हे ओळखण्यात गफलत झाली तर नऊ-दहा टक्क्यांनी. अशा ठिकाणी पायची दशांश स्थळे वाढवून हाती काय लागणार?

तरी माझा एक आक्षेप आहे. मोजमापातली चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. पाय 3 धरल्याची चूक मात्र दरवेळी एकाच बाजूला झुकते आणि रास आहे त्याहून मोठी दाखवते. अशा मापावर कुणी धान्याचा वाटा देत असेल, तर भुर्दंड नेहमी त्यालाच बसणार. परिघाच्या वर्गाला 36 ऐवजी 37.7 ने भागले की हा अन्याय दूर होतो. चुकांमधला हा भेद तयार त्रिज्येच्या उदाहरणांतून कधीच समोर येत नाही.

सूत्रातला एक तृतीयांशही सहज हाती आलेला नाही. आर्यभटांनी 499 मध्ये त्रिकोणी तळाच्या सूचीचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची याच्या निम्मे दिले. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात निम्मे येते, म्हणून घनाकृतीतही तेच येईल असे कुणालाही वाटेल. सूचीला तिसरा हिस्सा देणारा बरोबर नियम ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात आहे. एवढा मोठा गणिती जिथे चुकला, तिथे मुलांना कारण न सांगता सूत्र पाठ करायला लावणे मला मान्य नाही.

शिक्षकांना विनंती आहे: बांधकामापुढचा वाळूचा एखादा गोल ढीग गाठा आणि मुलांच्या हाती दोर आणि टेप द्या. परीघ 30 फूट आणि उंची 3 फूट भरली, तर जुन्या रीतीने 75 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास वाळू येईल आणि 37.7 ने भागल्यास जवळपास 72 घनफूट. दोन्ही उत्तरे त्यांना काढू द्या, आणि दोर फूटभर चुकला असता तर काय झाले असते, हेही तिथेच विचारा.