माझा शेजारी कितव्या मजल्यावर?

गेल्या पावसाळ्यात आपल्या चर्चमध्ये एका वृद्ध गृहस्थांचा अंत्यविधी झाला. स्टेशनच्या बाजूला ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी एकीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहत होते. पत्नी आधीच देवाघरी गेलेली, मुलगा परदेशी. दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या तशाच लटकत राहिलेल्या पाहून वॉचमनला शंका आली आणि मग दार उघडले गेले. त्यांना जाऊन दोन दिवस झाले होते.

अंत्यविधीनंतर चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे घोळके जमले. त्या घोळक्यांत आम्हीही होतो. सर्वांचे एकच म्हणणे होते: शहरातले मरण हे असे! आपल्या आळीत असे झाले असते का? सकाळी ओटीवर माणूस दिसला नाही, तर दुपारच्या आत चार जण दार वाजवतात. फ्लॅटमध्ये समोरच्या दारामागे कोण राहतो, हेही ठाऊक नसते. देवा, आम्हांला गावातच ठेव! असे म्हणून आणि जरा हळहळून आम्ही घरी गेलो.

परंतु एक गोष्ट त्या आवारात कोणी बोलले नाही. शवपेटीजवळ त्यांचा फोटो ठेवला होता, तो पाहताच आम्ही सर्वांनी त्यांना ओळखले होते. सहा वर्षे ते रविवारच्या दुसऱ्या मिस्साला येत होते. बाजूच्या दाराजवळचे, जिथे पंख्याचे वारे पोहोचत नाही, ते बाक त्यांचे. मिस्सा झाली की आपण वाडीवाडीचे लोक आपापल्या घोळक्यात उभे राहतो. ते मात्र हेच पत्रक घडी करून खिशात ठेवत आणि फाटकाकडे चालू लागत. चेहरा सर्वांना ठाऊक होता, नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मग त्यांना एकटे ठेवले ते शहराने की आपण?

हा प्रश्न मनात आला, तेव्हा शहराविषयी आपण जे सहजपणे बोलतो ते सगळेच पुन्हा तपासून पाहावे असे वाटले.

शहर काही आपल्याला नवे नाही. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली, तेव्हापासून आपले आणि मुंबईचे जमलेले आहे. आपल्या वाडवडिलांची फुले, केळी, पाने, भाजी ह्या सर्वांना गिऱ्हाईक मिळाले ते मुंबईत. पहाटेच्या गाडीने मोगऱ्याची आणि कागड्याची गाठोडी दादरला गेली आणि त्या पैशांवर मुलांच्या शाळा-कॉलेजांच्या फिया भरल्या गेल्या. घरातला एक तरी माणूस मुंबईच्या बँकेत, गिरणीत, शाळेत किंवा हॉस्पिटलात नोकरीला होता. अवघड दुखणे आले की आजही आपण अँब्युलन्स मुंबईकडेच वळवतो. शहराला नावे ठेवताना ह्या खाल्ल्या मिठाची आठवण आपल्याला राहत नाही.

मग शहर दारात आले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावे त्यातून वगळावीत म्हणून आपल्यापैकी कित्येक जण रस्त्यावर उतरले होते. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली. काय हरवले त्याची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. टँकरनी उपसा केला आणि विहिरींचे पाणी मचूळ झाले. बावखले बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये तर पाणी कित्येक दिवस घरांतून हलले नाही, दिवे नव्हते, गाड्या नव्हत्या. हे सर्व होणार म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी कितीतरी आधीपासून ओरडून सांगत होते. आता फादरही आपल्यात राहिलेले नाहीत. ही हानी खरी आहे आणि तिच्याविषयी बोलत राहिलेच पाहिजे. पण एक खरे सांगायचे तर, त्या बिल्डरांना जमिनी विकल्या त्या काही परक्या लोकांनी नाही.

गाव की शहर, हा वाद आपल्या देशात मोठमोठ्यांनी घातला आहे. गांधीजींना भारताचा आत्मा खेड्यात दिसत होता. उलट, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना कडक शब्दांत सुनावले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असे त्यांचे मत होते. मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला मूळ घटक मानले, ह्याचे त्यांना समाधान वाटत होते. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला गावाची गोडी कशी वाटणार? शहरात हॉटेलातला पोऱ्या चहाचा कप पुढे ठेवताना तुमचे आडनाव विचारीत नाही. लोकलच्या चौथ्या सीटवर कोण कोणाला चिकटून बसला आहे, ह्याची चौकशी करायला कोणाला सवड नसते. ज्यांना आडनाव कधी आड आले नाही, त्यांना ह्याची किंमत कळायची नाही.

आणि आपल्या गावांत सर्व काही आलबेल होते काय? आपण ख्रिस्ती, एकाच भाकरीचे वाटेकरी. पण लग्न जमवताना मुलगा कोणत्या समाजाचा, हे आजही आधी विचारले जाते. कोणाच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा होता, कोणाची मुलगी कोणाबरोबर गाडीतून उतरली, कोणाची सून आठवडाभर माहेरी का राहिली, ह्याची नोंद आळीत बिनचूक ठेवली जाते. नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी बायका मुलांना घेऊन मुंबईच्या एखाद्या खोलीत गेल्या, त्या कामासाठी गेल्या आणि आपल्या नजरांपासून सुटण्यासाठीही गेल्या. त्यांना कोणी ओळखत नव्हते, हीच त्यांना शहराने दिलेली विश्रांती होती. जी ओळख एकाला आधार देते, तीच दुसऱ्याचा गळा आवळते, हे आपण कबूल केले पाहिजे.

तेव्हा शहरातला अलिप्तपणा हा नुसता दुर्गुण नाही. संध्याकाळी विरार फास्टमध्ये एकमेकांच्या श्वासात श्वास मिसळून उभी असलेली माणसे नजर चुकवतात, ती माणुसकी नसल्यामुळे नव्हे. तितक्या दाटीत दुसऱ्याला थोडे एकटेपण देण्याचा तोच एक मार्ग उरतो. प्रत्येकाचे सुखदुःख विचारीत बसलो तर दादर येईपर्यंत आपण वेडे होऊ. आणि ह्याच गाडीत रोजच्या वेळेचे, रोजच्या डब्याचे गट तयार होतात. महिलांच्या डब्यात शेंगा सोलल्या जातात, वाढदिवसाला केक कापला जातो आणि एखादी चार दिवस दिसली नाही तर तिच्या घरी फोन जातो. म्हणजे रुळांवर धावणारी एक आळीच की ती!

११ जुलै २००६ ची संध्याकाळ आपल्यापैकी कोण विसरेल? चर्चगेटहून निघालेल्या गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले. दोनशेहून अधिक माणसे गेली. घरी परतणारी, आपल्यासारखीच माणसे. त्या वेळी रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांत जखमींना उचलून त्यांनी हॉस्पिटलात पोहोचवले. जखमीचा धर्म कोणता, तो कोणत्या गावचा, हे कोणी विचारले नाही. ह्या चादरी ज्या शहरातून आल्या, त्या शहराला हृदय नाही असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तरीही इथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. संकटाच्या दिवशी धावून जाणे शहराला जमते. कारण ते एका दिवसाचे असते, डोळ्यांसमोर असते, आणि सर्वच जण धावत असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचे मात्र काहीच घडत नव्हते. रक्त नव्हते, आरडाओरडा नव्हता. फक्त एक माणूस दररोज थोडा थोडा अधिक एकटा होत होता. अशा दुःखाकडे लक्ष जायला रोजची नजर लागते. ती शहरात आपोआप मिळत नाही, आणि गावात मिळते ती केवळ आपल्या माणसाला.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ सालच्या ‘एव्हांजेली गाऊदियुम’ ह्या पत्रात शहरांविषयी एक विचार मांडला आहे. देव शहरातल्या घरांत, रस्त्यांत, चौकांत आधीच राहतो आहे, त्याला तिथे आपण नेऊन ठेवायचे नाही, तो ओळखायचा आहे, असा त्याचा आशय आहे. बायबलचे पहिले शहर वसवले ते भावाचा खून करणाऱ्या काइनाने, म्हणून शहर शापित आहे असे मानणारे भाविक आपल्यात आहेत. पण तेच बायबल बागेत सुरू होते आणि संपते ते एका शहरात, ज्याच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. संदेष्टा यिर्मया ह्याने बाबिलोनमध्ये बंदिवासात गेलेल्या लोकांना पत्र लिहून कळवले होते की, तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे पत्र कोणासाठी आहे? इमारतीत राहायला आलेल्यांसाठी आहेच. आणि ज्यांच्या वाडीच्या कुंपणापर्यंत शहर येऊन भिडले, जे आपल्याच गावात निर्वासित झाल्यासारखे कुरकुरत आहेत, त्या आपल्यासाठीही आहे.

आणि प्रभू येशूला जेव्हा विचारले गेले की, माझा शेजारी कोण, तेव्हा त्याने जी गोष्ट सांगितली ती गावातही घडत नाही आणि शहरातही घडत नाही. ती घडते जेरुसलेमहून यरिहोला जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे कोणी कोणाचा आळीकर नव्हता. याजक आणि लेवी जखमी माणसाच्या जवळून गेले, थांबले नाहीत. थांबला तो शोमरोनी. राहण्याच्या जागेवरून शेजारी ठरवण्याची आपली सवय त्या गोष्टीत टिकत नाही.

आपल्याकडे लेकी-सुना विचारतात, वाडी विकून मुंबईजवळ फ्लॅट घ्यावा का? निवृत्त झालेले मुंबईकर विचारतात, वसईला परत यावे का? ह्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडेल असे आम्हांला वाटत नाही. आजारी आईसाठी हॉस्पिटल जवळ हवे असेल तर शहरात राहण्यात कसलाही कमीपणा नाही. वाडीत राबण्याची हौस असेल तर वाडी राखण्यासारखे पुण्य नाही. जिथे जाऊ तिथे आपल्यामुळे एकटे पडलेले कोणी आहे का, हे पाहणे मात्र दोन्हीकडे चुकत नाही. आणि त्यात आम्ही नापास झालो, हे आम्ही वर लिहिलेच आहे.

त्या अंत्यविधीला इमारतीतून मोजकी माणसे आली होती. त्यांत वॉचमन होता. तो आपल्या धर्माचा नाही, आपल्या प्रांताचाही नाही. रात्रपाळी करून तो तसाच आला होता आणि पावसात शवपेटीवर त्याने छत्री धरली. काका रोज सहाला दूध घ्यायला खाली यायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे, गुडघा दुखायचा, मुलाचा फोन रविवारी यायचा, हे सर्व त्याला ठाऊक होते. त्यांचे पूर्ण नाव आम्हांला सांगितले तेही त्यानेच.

त्यानंतर पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत इमारती वाटून घेण्याचे ठरले. आम्हां दोघांच्या वाट्याला चार आल्या, त्यांत तीही होती. पहिल्या संध्याकाळी फाटकावर त्याच वॉचमनने आमच्यासमोर वही सरकवली. आपले नाव लिहिले, वेळ लिहिली, फोन नंबर लिहिला. पुढचा रकाना होता, कोणाला भेटायचे. पेन हातात धरून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या सबंध इमारतीत आमच्या चर्चला येणाऱ्या एकाही माणसाचे नाव आम्हांला लिहिता येईना.

वॉचमनने थोडा वेळ वाट पाहिली, मग आमच्या हातातून पेन घेतले. “दुसरे माले पे आंटी अकेली रहती हैं,” तो म्हणाला, “पहले उनके यहाँ जाइए,” आणि रकान्यात त्यानेच नाव लिहिले.