पाचवं कारण

कोजागिरी सरली की बुऱ्हाणपुरात माझ्या कामाला उधाण येतं. उन्हाळाभर विसरलेले गॅस गिझर लोकांना एकदम आठवतात. मग पिशवी घेऊन शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत हिंडायचं. झाकण काढायचं, जेटच्या तोंडाशी कोळ्याने विणलेलं जाळं आणि बर्नरवरची काजळी ब्रशने झाडायची, जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघायचं, रबरी नळीवरची तारीख वाचायची. पाच वर्षं उलटली असली तर नळी बदलायचीच. शेवटी पेटवून ज्योत बघायची. निळी, ताठ असली तर ठीक. पिवळी होऊन लवलवत असली तर गॅस अर्धवट जळतोय.

हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, ‘‘भाऊ, इतकी वर्षं चाललंय, काही झालं नाही. देव आहे ना पाठीशी.’’

मी माळकरी घरातला. देव पाठीशी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: जागा, करणारा, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. माझ्या धंद्यात ही यादी तंतोतंत लागू पडते. जागा म्हणजे बिनखिडकीचं न्हाणीघर. करणारा म्हणजे आत अंघोळीला गेलेला. साधन म्हणजे भिंतीवरचा गिझर. हालचाल म्हणजे थंडी वाजते म्हणून झरोक्यात कोंबलेलं पोतं. चारांपैकी एकालाही हात न लावता माणसं थेट पाचव्यापासून मोजायला लागतात!

अर्थात तोच अध्याय पुढे मलाही सुनावतो. स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याची बुद्धी कच्ची, असं तिथे आहे. म्हणून बिलावर मी कधी ‘गॅरंटी’ लिहीत नाही. तपासणं माझ्याकडे, त्यापलीकडचं माझ्याकडे नाही.

‘काही झालं नाही’ या बोलण्याला उत्तर मला जैनांकडे सापडलं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच बेसावधपणाने घेतलेला जीव अशी आहे. अमृतचंद्राचार्य आणखी पुढे जातात: बेसावध वागलात की हिंसा झाली, मग समोरचा जीव मरो न मरो. मला हे आधी जाचक वाटलं. पण विचार केला तर कडक हिशोब हाच खरा. बंद न्हाणीघरात पिवळ्या ज्योतीखाली दहा वर्षं कुणी मेलं नाही, तर ती दहा वर्षं निर्दोष ठरत नाहीत.

शिवाय भोगतो कोण? सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. गळला तर नाकाला कळतं. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, पाय गळतात, कडी काढायचं भान उरत नाही. बेसावध राहिला तो बहुधा बाहेर चहा पीत असतो. आत असतं त्याचं पोर, सून, नाहीतर भाडेकरू.

बंद जागेत हवेला वाट ठेवणं आमच्या गावाला परकं नसावं. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, कुंडी भंडाऱ्याचं भुयारी पाणी खेळवलं, तेव्हा वाटेत शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी तोंडं, जमिनीपर्यंत वर आणल्या. खाली उतरणाऱ्याला हवा मिळावी, गाळ काढता यावा, यासाठीही त्या लागतात. पाणी तर झाकलेल्या भुयारातूनही वाहिलं असतं.

गेल्या थंडीत एका घरमालकाला सांगितलं: वरच्या खोलीतला गिझर भिंतीबाहेर घ्या, आत फक्त गरम पाण्याचा नळ ठेवा. तो म्हणाला, ‘‘पुढच्या वर्षी बघू.’’ वर शिकणाऱ्या दोन मुली भाड्याने राहत होत्या. मी गिझरचे सेल काढून मालकाच्या हातात ठेवले आणि वर जाऊन मुलींना सांगितलं, ‘‘ताई, हा पेटवू नका, पाणी चुलीवर नाहीतर शेगडीवर स्वयंपाकघरात तापवा, खिडकी उघडी ठेवून.’’ गिझर माझा नव्हता, घरही नव्हतं. मालक भडकला, माझी मजुरीही बुडाली. यंदा त्याने दुसरा मिस्त्री बोलावलाय असं कळलं. त्या मिस्त्रीला फोन करून मी झरोक्याचं सांगून ठेवलं.