वैशाखातल्या पायवाटेवर

देवा, कोका अभयारण्याच्या कडेने जाणाऱ्या या पायवाटेवर सकाळीच ऊन चटके देऊ लागलं आहे. सागाची मोठी पानं पायाखाली मोडतात, ऐन आणि धावडा जेमतेम सावली धरतात. असल्या दिवसांत फुलायचं कुणाला सुचेल? पण तू बहाव्याचे पिवळे घोस नेमके आत्ताच सोडतोस, कुड्याला पांढरा बहर देतोस, डिकेमालीची फुलं उमलताना पांढरी ठेवून मावळताना पिवळी करतोस. या अवेळच्या उदारपणाबद्दल तुला नमस्कार.

चैत्रात तू मोहाची फुलं गाळलीस. रात्री वटवाघळं आली, पहाटे चितळ आणि अस्वल, उजाडताना बाया टोपल्या घेऊन. पंगत एकच, बसणारे किती! कुणीही उपाशी उठू नये, एवढं बघ.

फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवतं आणि ठिणगी रानभर जाते. रातव्याची अंडी त्याच पाचोळ्यात उघडी पडलेली असतात. देवा, त्या जाळाबद्दल बोलण्याआधी मला जाळ करणाऱ्याच्या घरातला डबा दाखव, कारण मोहफुलं विकूनच त्यात तेलमीठ येतं. मग त्याला आणि मला मिळून दुसरी वाट सुचव.

2013 साली हे रान अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही आला. वाघाला जागा मिळाली, फार बरं झालं. आता तेंदूपत्ता तोडायला अंधारातच निघणाऱ्या बायकांनाही दुपारपर्यंत सुखरूप घरी आण. पिल्लांना पाठीवर घेऊन चालणारी अस्वलीण आणि पुडे डोक्यावर घेतलेली बाई एकाच वळणावर समोरासमोर येऊ देऊ नकोस.

इथल्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव आता तळाला गेले आहेत. ओल्या गाळात चितळांचे खूर उमटलेत, शेजारी गावच्या म्हशींचे. मृगापर्यंत एवढं पाणी टिकव. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येईल, तेव्हा त्याला झुडपांखाली घरट्यापुरती जागा शाबूत सापडू दे.

माझ्यासाठी मागणं थोडं आहे. फूल बघून हात पुढे जाण्याआधी पाय थांबू देत. झाडाचं नाव पुस्तकात शोधण्याआधी पत्ता तोडणाऱ्या मावशीला विचारायची बुद्धी दे, आणि तिने सांगितलेलं नाव लक्षात राहू दे. पुढच्या चैत्रात मोहाखाली काडी ओढली जाण्याऐवजी खराटा फिरू दे, आणि तो धरणाऱ्या हातांत एक हात माझाही असू दे.